बाईंची साक्ष

त्या दिवशी सकाळी आम्ही मेथी निवडत बसलो होतो. ती खुर्चीत, मी खाली, मधे कालचा पेपर पसरलेला. माझ्या हातून जुडीचा प्लॅस्टिकचा दोरा देठांच्या ढिगात गेला. तिने तो दोन बोटांनी उचलला आणि माझ्या नाकासमोर धरला.

"हे काय आहे?"

"दोरा."

"कुठं टाकला?"

"चुकून गेला गं."

"गायपण चुकूनच खाते. मग तिचं पोट फाडून काढतात. जन्म गेला माझ्यासोबत, तुमाला घरातले दोन डबे कळले नाय. मी मेल्यावर तरी शिका."

मग ती भाजी धुवायला उठली आणि मोरीपाशी पडली. नळ चालूच होता. मी आधी नळ बंद केला आणि मग तिच्याकडे वळलो. मागाहून मला त्याचं वाईट वाटलं, पण नळ तसाच ठेवला असता तर तिने डोळे उघडून शिव्या दिल्या असत्या. डॉक्टर आले तेव्हा सांगण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी कोर्टात तिची साक्ष होती. आमच्या पोराच्या विरोधात.

मेलेल्या माणसाबद्दल लोक गोड बोलतात. मला जमत नाही. माझी बायको कठोर बाई होती. ज्यांना तिने शिकवलं त्यांना विचारा, तेही हेच सांगतील, आणि सांगताना कान चोळतील.

आमचं लग्न झालं तेव्हा ती दहावी पास होती आणि मी चौथी. साताऱ्याकडच्या वाडीत दहावी पास पोरगी हमालाला का दिली, याचं उत्तर तिच्या बापाकडे होतं, तो कधीच वारला. मी एपीएमसी मार्केटला कांद्या-बटाट्याच्या गोणी उचलायचो. ती सानपाड्याच्या खोलीत पोराला मांडीवर घेऊन पुस्तकं वाचायची. बी.ए. झाली, बी.एड. झाली आणि आमच्याच भागातल्या मराठी शाळेत माध्यमिकला लागली. शिकवायची विज्ञान. पर्यावरणाचा तास शनिवारी शेवटचा. बाकीचे मास्तर त्या तासाला पेपर तपासायचे नाहीतर पोरांना लवकर सोडायचे. तिने तो तास मागून घेतला. तेव्हापासून बिल्डिंगमध्ये सगळे तिला बाई म्हणायला लागले आणि मीपण.

वर्गात वेफर्सचं पाकीट पडलेलं दिसलं तर ते कोणाचं हे बाई विचारायची नाही. पाकीट फळ्यावर चिकटपट्टीने लावायची आणि हात बांधून उभी राहायची. ज्याचं असेल तो येऊन घेऊन जाईपर्यंत शिकवणं बंद, पाणी प्यायला जाणं बंद. एकदा शाळा सुटायची वेळ झाली तरी कोणी उठेना. बाहेर आया ताटकळलेल्या. शेवटी पहिल्या बाकावरची एक पोरगी, रुखसार, उठली, पाकीट काढलं आणि म्हणाली, "माझं आहे, बाई."

बाईने तिच्याकडे पाहिलं. "तुझं नाहीये."

"आहे बाई."

"तू डब्यात चपाती आणतेस. रोज. खोटं बोललीस."

"सगळ्यांना घरी जायचं होतं बाई, म्हणून..."

"पाकीट टाकणारा घाण करतो, ती उचलता येते. तू जे केलंस ते मी कशाने उचलू?" आणि तिला वर्गाबाहेर उभं केलं. बाकीच्यांना सोडून दिलं, ज्याने पाकीट टाकलं होतं त्यालासुद्धा. पोरगी रडत घरी गेली. मला हे बाईने स्वतः सांगितलं, भाकरी थापता थापता, काही चुकलंय असं तोंडावर कुठंच नव्हतं.

मी म्हटलं, "अगं, बिचारीने सगळ्यांची सुटका केली."

"म्हणून तर," ती म्हणाली. "हुशार पोरगी आहे. वाया जाता कामा नये."

शाळेत दर जूनला झाड लावायचा कार्यक्रम व्हायचा. गेटाच्या डाव्या अंगाला एक खड्डा होता. झाड तिथेच लागायचं, कारण तिथून फोटो काढला की मागे शाळेच्या नावाची पाटी येते. दर वर्षी झाड मरायचं आणि दर वर्षी तोच खड्डा पाहुण्यांसाठी नव्याने उकरायचे. बाईने हे दोन-चार वर्षं बघितलं आणि मग एका जूनला आपल्या नववीला तयार केलं.

पाहुणे आले. गळ्यात हार, हातात फावडं. कॅमेरावाला म्हणाला, साहेब जरा इकडे. बाई पुढे झाली. "साहेब, एक मिनिट. या खड्ड्यात आधीची मंडळी आहेत."

"कोण मंडळी?"

बाईने मान हलवली. एक पोरगा ओळीतून पुढे आला आणि घसा खाकरून म्हणाला, "गुलमोहर. मागच्या जूनमध्ये लावला. दिवाळीच्या सुट्टीत पाण्यावाचून वारला." दुसरी पोरगी आली, "बकुळ. त्याच्या आधीच्या जूनमध्ये. कार्यक्रमाच्या मांडवाचा बांबू लागून वारली." तिसरा आला, "वड. लावणारे आजचेच प्रमुख पाहुणे." मग बाई म्हणाली, "मुलांनो, दोन मिनिटं स्तब्ध."

सगळी शाळा उभी. पाहुणेपण उभे राहिले, दुसरं करणार काय? मयताला राहतात तसे, मान खाली, फावडं हातात. कॅमेरावाल्याने सवयीने फोटो काढला.

हेडमास्तर नंतर ओरडले. "बाई, शाळेची इज्जत काढलीत!"

"झाड जगलं असतं तर मी हार घातला असता, सर."

त्या वर्षीचं झाड मात्र तिने जगवलं. म्हणजे पोरांकडून जगवून घेतलं. सुट्टीत पाणी घालायची पाळी चुकवली की ती त्या पोराच्या घरी जाऊन बसायची, चहा नको, पाणी नको, नुसती बसायची. बाप कंटाळून पोराला बादली देऊन शाळेत पिटाळायचा. झाड डोक्याच्या वर गेलं. मग शाळेने कंपाउंडची भिंत पुढे सरकवली आणि ते तोडलं. बाई त्या दिवशी वर्ग घेऊन बाहेर आली, सगळ्यांना तोडताना बघायला लावलं. काही पोरी डोळे झाकायला लागल्या तर म्हणाली, "हात खाली. बघा."

बघणं हेच तिचं शिकवणं. वाढवून सांगायचं नाही, पाठ केलेलं सांगायचं नाही, बघितलं तेवढं सांगायचं. ती रिटायर व्हायच्या वर्षी नववी ब घेऊन खाडीवर गेली. मी मार्केटमधून सुटलेला, घरी बसून काय करणार, पाण्याचा जार उचलून मागे गेलो. निघताना तिने सगळ्या पोरांचे मोबाईल शाळेत ठेवायला लावले, स्वतःचापण. "फोटो काढला की बघायचं राहून जातं," म्हणाली. ही तिची चूक झाली, आणि तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती.

चिखलात पोरांना उभं केलं. एकेकाला एकेक तिवराचं झाड वाटून दिलं. बोलायचं नाही, फक्त बघायचं. मुळं वर आलेली, खेकडे, शेवाळ. पोरं पाय ओढत होती, कुजबुजत होती, बाई डोळे वटारत होती. तेवढ्यात मागून डंपर रिव्हर्सला आला. पींपीं करत थेट तिवरांवर. मागची फळी उघडली आणि तोडलेल्या बिल्डिंगचं राबिट धडाधडा झाडांवर. विटा, टाइल्स, संडासाचं भांडं. धूळ उडाली. पोरं किंचाळली.

डंपरच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, आईचा आशीर्वाद. एका पोराने ते मोठ्याने वाचलं आणि दोघंतिघं हसले. त्या गाडीपुढे नारळ बाईनेच फोडला होता.

क्लीनरच्या बाजूने विनू उतरला. आमचा एकुलता एक. गाडी त्याचीच. त्याने आईला बघितलं, आईने त्याला. त्याच्या तोंडाचा रंग गेला. पण बोलला काय? म्हणाला, "आई, पोरांना घेऊन जरा मागं हो. धूळ लागंल."

बाई पोरांकडे वळली. "नंबर लिहून घ्या."

तक्रार तिने दुसऱ्याच दिवशी दिली. खाडीतली झाडं बघणारं सरकारी हापिस आहे, तिथे. मीपण गेलो. मी बाहेर बाकड्यावर, दार उघडं. साहेबाने विचारलं, "मुलांशिवाय कोणी मोठं माणूस होतं बरोबर?"

"कोणी नाही," बाई म्हणाली. "मी आणि माझा वर्ग."

खाली उतरल्यावर मी म्हटलं, "मी काय भूत होतो काय गं तिथं? जार काय हवेत तरंगत होता?"

"तुमी यात नको."

"का पण?"

"त्याला यायला एक दार राहू दे," ती म्हणाली आणि रिक्षाला हात केला.

माझ्या माहितीत ती तेवढं एकदाच खोटं बोलली.

गाडी जप्त झाली, काही महिन्यांनी सुटली, केस उभी राहिली. हापिसातले लोक खाडीवर गेले तेव्हा राबिट जागेवर होतं, पण ते कोणी टाकलं ते सांगायला फोटो नव्हता. बाईने वर्गातल्या सगळ्या पोरांची नावं साक्षीला दिली होती, आईबापांना न विचारता. आईबाप शाळेत आले. काय ते बोलले! "आमच्या पोरांना कोर्टात ओढता? स्वतःच्या घरातलं भांडण घरात मिटवा!" हेडमास्तरांनी एकेका पोराला केबिनमध्ये बोलावलं, बाईसमोर. काय बघितलंस? काही नाही सर. तू? काही नाही सर. रुखसार, ती वेफर्सवाली, शेवटी आली. तिने बाईकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, अब्बू म्हणाले..."

"डोळे कोणी दिले तुला? अब्बूंनी?"

"धूळ होती बाई," पोरगी म्हणाली. "मला नाही दिसलं."

बाई वर्गात गेली. "नववी ब, तुमचा प्रकल्प झाला. सगळे नापास." आणि खरंच तसे गुण दिले. हेडमास्तरांनी ते बदलले. निरोप समारंभाला त्या वर्गातलं एकही पोर तिच्या पाया पडायला आलं नाही. नारळ आणि शाल घेऊन आम्ही दोघं चालत घरी आलो.

म्हणजे उरली एकटी बाई. ती बोलली तर विनू अडकणार, ती गप्प बसली तर सुटणार. तो एकदाच आला, चपला न काढता दारात उभा राहिला.

"आई, हे सगळं शहर कशावर उभंय? भराव घालूनच ना? तू ज्या फरशीवर उभी हायेस, तिच्या खाली काय व्हतं? खाडी. मग मीच एकटा गुन्हेगार?"

"एकटा नायस. माझ्या डोळ्यासमोरचा तू हायेस."

"कोर्टात फक्त एवढं म्हण, नंबर नीट दिसला नाय. वय झालंय, कोणीपण मानेल. त्याच दिवशी स्वराला घेऊन येतो. रोज पाठवतो."

स्वरा आमची नात. सीवूड्सला राहते, तेराव्यात आहे. तिच्यासाठी बाई जीव टाकायची, पण तोंडाने कधी बोलली नाही.

"माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय," बाई म्हणाली. "आता आधीपेक्षा चांगलं दिसतं."

विनू म्हणाला, "तू आई नायस. तू इन्स्पेक्टर हायेस," आणि गेला. मग दोन वर्षं दोघांचं बोलणं नाही. मला तेवढा फोन यायचा, सणावाराला, बाईचं नाव न घेता.

यंदा त्याने एक पाऊल मागे घेतलं. स्वराला शाळेत पर्यावरणाचं मॉडेल करायचं होतं. त्याने तिला ते घेऊन आमच्याकडे पाठवलं, स्वतः खाली गाडीत बसला. मी गॅलरीतून बघितलं, काच खाली केली होती आणि वर बघत होता. आईने एक हाक मारली असती तर तो वर आला असता. हे मी आजही सांगतो.

स्वराने मॉडेल टीपॉयवर ठेवलं. थर्माकोलचं शहर. हिरवी झाडं, निळी खाडी, वर लिहिलेलं, माझं स्वच्छ शहर. पोरीचं तोंड फुललं होतं. बाईने चष्मा लावला, ते उचलून चारी बाजूंनी बघितलं.

"किती दिवस ठेवणार हे?"

"सबमिशनपर्यंत."

"मग?"

"मग मम्मी टाकून देईल."

"कुठं?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठं? जागेचं नाव सांग."

पोरगी गोंधळली. माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "अगं लहान आहे ती, राहू दे की."

"नववीला जाईल आता. लहान नाय." बाईने मॉडेल खाली ठेवलं. "मोड हे. तुकडे कर आणि पिशवीत भरून घरी ठेव. फेकायचं नाय. तू म्हातारी होशील तरी तसंच राहील, तेव्हा बघ आणि आठव, कशाला स्वच्छ म्हणत होतीस."

"आजी, पप्पा म्हणाले, आजीला दाखव, ती खूश होईल..." पोरीने दोन-तीन बिल्डिंगा मोडल्या आणि रडायलाच लागली.

बाईचा हात उठला. मला वाटलं आता तिच्या डोक्यावर ठेवते. हात तसाच परत मांडीवर आला. "पप्पाला सांग," ती म्हणाली, "गाडीच्या मागं लिहिलंय ते पुसून टाक म्हणावं."

खाली हॉर्न वाजला. पोरगी अर्धवट मोडलेलं शहर छातीशी धरून जिना उतरली. गाडी गेली.

थर्माकोलचे पांढरे दाणे घरभर झाले. झाडूने ते येत नाहीत, पळतात. बाई गुडघ्यावर बसून बोट ओलं करून एकेक दाणा टिपत होती. गुडघे तिचे दुखायचे. मी म्हटलं, मी करतो, तर म्हणाली, "तुमी बसा." दुसऱ्या दिवशीपण टिपत होती. कपाटाखालचे, पलंगाखालचे. मी तिला कधी रडताना बघितलं नाही, तेव्हापण नाही. नुसती टिपत होती.

मग ती मेथीची सकाळ आली.

विनू धावत आला. खोटं कशाला बोलू, पोरगा ओक्साबोक्शी रडला, आईच्या पायावर डोकं घालून रडला. तिने सांगून ठेवलं होतं, लाकडं नको, मला गॅसवर जाळा. मी विनूला सांगितलं. तो म्हणाला, "आबा, आईला काय कमी पडू देणार नाय मी," आणि लाकडं मागवली, वर चंदनाचा तुकडा. तिला संध्याकाळी लाकडांवर जाळली. लोक म्हणाले, पोराने सगळं रीतसर केलं.

घरी आल्यावर आंघोळी झाल्या. मी भिंतीला टेकून बसलो होतो. विनू गॅलरीत फोनवर होता, माझ्याकडे पाठ.

"हां, म्हातारी गेली... नाय रे, आता कोण सांगणार? पोरं तर आधीच फिरली. फोटो नाय, काय नाय... मंगळवार जाऊ दे फक्त. मग गाड्या जुन्या जागेवरच खाली करा."

आत येऊन माझ्या शेजारी बसला. डोळे अजून लाल होते, ते काही नाटक नव्हतं. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "आबा, तेरावं झालं की तुमी सीवूड्सला यायचं. हितं एकटं राहायचं नाय. स्वराच्या खोलीत तुमची कॉट टाकतो."

स्वरा बाजूलाच होती. म्हणाली, "आजोबा, खिडकीजवळची जागा तुमची."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सुनेने वरण-भात कालवून दिला, तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी झोपली होती. मी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. जिन्यात शेजारच्या पाटीलवहिनी भेटल्या. "अहो, सुतकात कुठं निघालात?" मी जिना उतरलो.

हापिस उघडायच्या आधीच जाऊन बाकड्यावर बसलो. साहेब आले, मला ओळखलं. बाई गेल्याचं त्यांना कळलं होतं. हळहळले. म्हणाले, "केस आता अवघड आहे, काका."

"माझा जबाब घ्या. मी होतो तिथं. गाडी बघितली, नंबर बघितला, उतरणारा माणूस बघितला."

"पण बाईंनी तर सांगितलं होतं, कोणी नव्हतं म्हणून."

"खोटं बोलली."

त्यांनी कागद ओढला, पेन काढलं. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. "आरोपीचे कोण तुम्ही?"

"बाप."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. पाणी मागवलं. ग्लास माझ्यापुढे सरकवला. मग हळू म्हणाले, "काका, घरी जा. काल अग्नी दिलाय तुम्ही. तेरावं होऊ द्या, डोकं शांत होऊ द्या, मी तारीख वाढवून घेतो. मग विचार करून या."

मी म्हटलं, "तेरावं झाल्यावर माझी कॉट नातीच्या खोलीत पडलेली असेल, साहेब. मग मी येणार नाही. आत्ताच लिहा."